बाल्टिकच्या रानवाटा : तंबू पाठीवर, गाव वाटेवर

राष्ट्रीय उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? एक फाटक, तिकिटाची खिडकी, रांगेत उभ्या जीपगाड्या आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी. फाटकाच्या आत वाघ राहायचा आणि माणसाने बाहेर, अशी वाटणी आपण मनात करूनच टाकलेली असते. आत एखादे गाव असलेच, तर ते आज ना उद्या उठायचे, हेही आपण धरून चालतो.

आता असे उद्यान मनात आणा, की ज्याला फाटक नाही. आत गावे आहेत, गावात गोठे आहेत, गोठ्यात गाई आहेत. पाठीवर तंबू टाकून कोणीही आत शिरावे, दिवसभर चालावे, नेमलेल्या जागी राहुटी ठोकावी, चूल पेटवावी, झोपावे. वाटेत करवंदे-जांभळांसारखी रानफळे दिसली तर तोडून खावीत. कोणी हटकणार नाही. हे काही कल्पनेतले रान नव्हे. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावर लिथुआनिया, लाटविया आणि एस्टोनिया हे तीन छोटे देश आहेत. तिथे असे चालते.

पण वाचकहो, नुसते ‘फिरायला चला’ सांगण्यासाठी हा लेख नाही. तिथल्या रानात चार दिवस चालले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला आपण निसर्ग म्हणून नावाजतो, त्यातला बराचसा शेतकऱ्याच्या हाताने राखलेला आहे. तो हात थांबला की रानही बदलते. आणि तो हात थांबायच्या बेतात आहे, हीच खरी चिंता आहे.

मुलूख कसा आहे?

आधी थोडी ओळख करून घेऊ. तिन्ही देश मिळून क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे जास्त. लोकसंख्या मात्र तिघांची मिळून साठ लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली संख्या ९४ लाख होती, यावरून काय ते समजा. लाटविया आणि एस्टोनियाची निम्मी भूमी जंगलाखाली आहे, लिथुआनियाची एक तृतीयांश. डोंगर असे नाहीतच. तिन्ही देशांतले सर्वांत उंच ठिकाण एस्टोनियातले सूर मुनामॅगी, उंची ३१८ मीटर. आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे ती टेकडीच. तेव्हा चढाईचा दम लागणार नाही. लागेल ती चालण्याची चिकाटी.

हे देश १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होते. त्याच वर्षी पुन्हा स्वतंत्र झाले. १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आले आणि २००७ च्या डिसेंबरात तिघांच्या आपसातल्या सीमांवरची तपासणी उठली. आज एका देशातून दुसऱ्या देशात पायी जाताना फक्त एक पाटी लागते. पलीकडे भाषा बदलते, पायवाट तीच राहते.

तिघांत मिळून पंधरा राष्ट्रीय उद्याने आहेत. एस्टोनियात सहा, लिथुआनियात पाच, लाटवियात चार. सगळी एका दमात होणार नाहीत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ आणि त्यातली काही निवडून पाहू. सगळे अंतर पायीच तोडले पाहिजे असेही नाही. मधल्या टप्प्यांना एसटीसारख्या बसगाड्या आहेत, काही ठिकाणी रेल्वे आहे.

मधाचे आणि अळिंबीचे रान

सुरुवात लिथुआनियाच्या दक्षिण टोकाला, द्झुकिया राष्ट्रीय उद्यानात. राजधानी विल्नियसहून मार्सिंकोनिस या गावापर्यंत आगगाडी जाते. उतरलात की पाइनचे जंगलच सुरू. पायाखाली माती नाही, वाळू. असल्या जमिनीत गहू कुठून पिकणार? म्हणून इथले शेतकरी राय आणि बकव्हीट, म्हणजे आपला उपवासाचा कुट्टू, यांवर भागवत आले. उरलेली कमाई रानातून. शरदात अळिंबी, उन्हाळ्यात बेरी. अळिंबी आणि बेरी नसत्या तर द्झुकियाच्या मुलींना अंगावर कपडे मिळाले नसते, अशी तिकडे म्हणच आहे. आजही सप्टेंबरमध्ये घरातली सगळी मंडळी पहाटे टोपल्या घेऊन रानात शिरतात. जवळच्या वारेना गावात त्या सुमारास अळिंबीची जत्रा भरते.

मुस्तेइका नावाचे गाव या उद्यानाच्या आत आहे. उभ्या पाइनच्या खोडात ढोल कोरायची, त्यात मधमाश्या बसू द्यायच्या आणि दोराने झाडावर चढून मध काढायचा, ही जुनी रीत इथे अजून टिकून आहे. झाड तोडायचे नाही, पोळे जाळायचे नाही, सगळा मधही काढायचा नाही, माश्यांना हिवाळ्यापुरता ठेवायचा. आपल्याकडचे जाणते मधपाळही हेच सांगतात.

इथली भाषाही जरा कान देऊन ऐका. लिथुआनियन भाषेत विस्तवाला ‘उग्निस’ म्हणतात, धुराला ‘दूमाय’, मधाला ‘मेदुस’, मेंढीला ‘आविस’, दाताला ‘दांतिस’, मुलाला ‘सूनुस’. आपल्या संस्कृतातले अग्नी, धूम, मधू, अवि, दंत आणि सूनू आठवतात की नाही? ही भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या कुळातल्या. हजारो मैलांवर, अनोळखी चुलीपाशी बसून असा ओळखीचा शब्द कानी पडला की परकेपण निम्मे कमी होते.

वाळूखाली गेलेली गावे

तिथून पश्चिमेला, समुद्राकडे. क्लाइपेदा बंदरातून फेरीबोटीने पलीकडे गेलात की कुरोनियन भूशिर लागते. ९८ किलोमीटर लांबीची ही वाळूची पट्टी. एका बाजूला बाल्टिक समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. रुंदी कुठे जेमतेम चारशे मीटर, कुठे पावणेचार किलोमीटर. निम्मी पट्टी लिथुआनियात, उरलेली रशियाच्या ताब्यात. लिथुआनियाने १९९१ मध्ये आपल्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान केले आणि २००० मध्ये सगळी पट्टी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

निदा गावाजवळची पार्निडिस नावाची वाळूची टेकडी ५२ मीटर उंच आहे. तिच्यावर उभे राहिले की वाटते, हे आदिम, माणसाचा हात न लागलेले वाळवंट. तसे ते नाही. फार पूर्वी इथे दाट जंगल होते. लोकांनी ते सरपणासाठी, जहाजांसाठी, लढायांच्या गरजांसाठी तोडले. मुळे गेली तशी वाळू मोकळी झाली आणि वाऱ्याबरोबर चालू लागली. चालता चालता तिने गावेच्या गावे गिळली. एकूण चौदा गावे वाळूखाली गेली असे सांगतात. कार्वाइचियाय हे त्यातले एक, १७९७ मध्ये ते सोडून द्यावे लागले. लिथुआनियन लोकगीतांचा मोठा संग्रह छापणारे ल्युडविकास रेझा १७७६ मध्ये याच गावात जन्मले. त्यांच्या जन्मगावाच्या जागी आज फक्त वाळू आणि झाडी आहे.

मग वाळू थांबवली कोणी? माणसांनीच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लोकांनी काटक्यांची कुंपणे घातली, गवत रोवले, बुटके डोंगरी पाइन लावले. पिढ्यान् पिढ्या हे काम चालले. आज ज्या सावलीतून तुम्ही चालता, ते जंगल पेरलेले आहे. नाग्लियाय या राखीव भागात तर फळ्यांच्या वाटेवरून खाली पाऊल टाकायला बंदी. तुमच्या बुटाने सुटलेली वाळू पुन्हा जागेवर येत नाही. तंबूही कुठेही ठोकता येत नाही, नेमलेल्या तळावरच. हा नियम कडक वाटेल, पण ज्यांची गावे पुरली गेली त्यांना वाळूचा भरवसा किती धरायचा ते कळते.

निदाच्या घरांवर लाकडी नक्षीचे रंगीत झेंडे दिसतील. खाडीत मासे धरणाऱ्या होड्या ओळखू याव्यात म्हणून १८४४ मध्ये प्रत्येक गावाला स्वतंत्र खूण लावायला सांगितले होते. कोण कुठे जाळे टाकतो यावर नजर ठेवण्यासाठी काढलेला हा हुकूम. कोळ्यांनी त्याच खुणेभोवती कोरीव काम करून ती हौसेची वस्तू केली.

कुळवलेला किनारा

निदापासून एस्टोनियाची राजधानी टॅलिनपर्यंत सुमारे १४०० किलोमीटरची किनारी पायवाट आखलेली आहे. झाडांवर, दगडांवर पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की वाट बरोबर. जंगलातून जाणारी दुसरी लांब वाट आहे, तिची खूण पांढरा-नारिंगी-पांढरा. आमच्या ग्रामीण वाचकांनी नोंद घ्यावी अशी गोष्ट ही, की या वाटा उभ्या करण्यात पुढाकार घेतला तो लाटवियाच्या ग्रामीण पर्यटन संघटनेने. ‘लौकु त्सेल्योताय्स’ म्हणजे ‘खेड्यातला प्रवासी’ हे तिचे नाव, स्थापना १९९३. वाट आखताना मुक्काम गावागावांतून जातील असे पाहिले. चालणारा माणूस गावात थांबला, तर चार पैसे गावात पडतात.

ही वाट लाटवियाच्या वायव्य टोकाला कोल्का येथे पोहोचते. इथे बाल्टिक समुद्र आणि रीगाचे आखात एकमेकांना भेटतात, दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर आपटताना दिसतात. आसपासचा प्रदेश म्हणजे स्लीतेरे राष्ट्रीय उद्यान. या किनाऱ्यावर लिव्ह नावाच्या छोट्या समाजाची कोळीवाडीवजा गावे आहेत.

सोव्हिएत काळात हा किनारा सीमाभाग ठरला. बोटीतून कोणी पश्चिमेकडे पळून जाऊ नये म्हणून पहारा बसला. वाळू रोज कुळवून ठेवत, म्हणजे रात्री कोणी चालले तर पाऊल उमटून दिसावे. शेत कुळवतात पेरणीसाठी. इथे किनारा कुळवला पहाऱ्यासाठी! मासेमारी सामुदायिक संस्थांच्या हाती गेली, छोट्या होड्या निकामी झाल्या. माझिर्बे गावाजवळ जंगलात त्या होड्यांचे सांगाडे अजून शेवाळ खात पडले आहेत. समुद्र दोन पावलांवर आणि होड्या झाडांखाली. हे पाहून मन विषण्ण झाल्याशिवाय राहत नाही.

समुद्र बंद झाला तशी माणसे पांगली. लिव्ह ही जन्मभाषा म्हणून शिकलेल्या शेवटच्या व्यक्ती, ग्रिझेल्डा क्रिस्तिन्या, २०१३ मध्ये कॅनडात वारल्या. आज ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी माझिर्बेत लिव्ह लोकांचा मेळावा भरतो, जुनी गाणी होतात, तरुण मुले भाषा शिकू पाहतात. माणसे गेली म्हणून रान वाढले, पक्षी वाढले, हे खरे. त्याची किंमत कोणी मोजली, हेही खरे.

चिखल नव्हे, हजारो वर्षांचा साठा

पुढे आखाताच्या काठाने रीगाच्या दिशेने गेलात की केमेरी. हे उद्यान १९९७ मधले, रीगाहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे नासक्या अंड्यासारखा वास आला तर दचकू नका. पण बघायची ती इथली मोठी दलदल. तिच्यावरून फळ्यांची वाट केली आहे. लहान फेरी १.४ किलोमीटर, मोठी ३.४ किलोमीटर. पहाटे धुके असताना जा. गुडघाभर उंचीची पाइनची झाडे दिसतील. रोपे समजू नका, ती वयाने कित्येक दशकांची असतात. अन्नच मिळत नाही, वाढणार कुठून?

ही दलदल म्हणजे आपल्या मनातला चिखल नव्हे. वर जिवंत शेवाळ, खाली त्याच शेवाळाचे न कुजलेले थर. त्यालाच पीट म्हणतात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर चढतो. म्हणजे मीटरभर पीट साठायला हजार वर्षे! आपल्या रोपवाटिकांत नारळाच्या काथ्याचे कोकोपीट वापरतात, तसे युरोपच्या रोपवाटिकांत हे खरे पीट वापरले जाते आणि त्यातले बरेचसे याच देशांतून जाते. उद्यानाच्या आत हात लावायचा नाही, पण बाहेर खणकाम चालते. हजार वर्षांचा साठा एका हंगामाच्या कुंडीत घालावा का, हा वाद तिथे जोरात आहे. जंगलतोडीचाही आहे. राखीव क्षेत्रांत तोडीचे परवाने कसे दिले जातात यावरून युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये एस्टोनियाविरुद्ध कारवाई सुरू केली होती. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे समजून जाऊ नका.

रीगाच्या ईशान्येला गौया नदीचे खोरे. १९७३ मध्ये स्थापन झालेले हे लाटवियातले सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान, सुमारे ९१७ चौरस किलोमीटरचे. सिगुल्दा आणि त्सेसिस ही गावे चक्क उद्यानाच्या हद्दीत. तांबड्या-पिवळ्या वालुकाश्माचे कडे, जुने किल्ले, नदीकाठचे तंबूतळ. होडीने वाहत जावे, संध्याकाळी काठावर उतरावे. लीगात्ने येथे नदी ओलांडायला एक तराफा आहे. दोन होड्यांवर फळ्या ठोकलेल्या, वर आडवा ताणलेला दोर. इंजिन नाही. नदीचा प्रवाहच तराफा पलीकडे ढकलतो. आपल्याकडे नदीकाठच्या जुन्या माणसांना तरीचा तांडेल आठवेल.

पाचवा ऋतू

आता एस्टोनिया. पॅर्नू शहराच्या आतल्या बाजूला सोमा राष्ट्रीय उद्यान आहे, १९९३ चे. ‘सोमा’चा अर्थच दलदलीची भूमी. इथले लोक वर्षाला पाच ऋतू मोजतात. पाचवा ऋतू पुराचा. बर्फ वितळते, सपाट मुलखात पाणी पसरते, रस्ते-कुरणे-जंगले सगळे पाण्याखाली. घरे बेटांसारखी उरतात. आपल्याकडे पूर आला की धावपळ उडते. इथे माणसे होडी काढतात आणि शेजाऱ्याकडे जातात.

ती होडीही पाहण्यासारखी. अस्पेनच्या एका खोडाची. आधी आतून कोरायची, मग विस्तवाची ऊब आणि पाणी देत देत कडा हळूहळू बाहेर फाकवायच्या. लाकूड नरम होऊन पसरते. या होडीची विद्या जाणणारे थोडेच उरले म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोने तिला तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घातले. ‘तातडीने’ हा शब्द महत्त्वाचा. होडी संग्रहालयात ठेवता येते, हातातली कला ठेवता येत नाही.

विळा थांबला तर?

किनाऱ्याकडे मात्सालू. उथळ खाडी, वेत-बोरूची बेटे आणि वसंतात-शरदात लाखोंनी उतरणारे पाणपक्षी. १९५७ पासून राखीव, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान. आता मुद्द्याचे ऐका. हे पक्षी उतरतात ते किनाऱ्यालगतच्या आखूड गवताच्या कुरणांवर. गवत आखूड कशाने राहते? गाईंनी. शतकानुशतके इथे गुरे चरली. गुरे कमी झाली तशी बोरूने कुरणे व्यापली आणि पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरेना. मग काय केले? पक्ष्यांसाठी गुरे परत आणली! आज अशी कुरणे चारणाऱ्या, कापणाऱ्या शेतकऱ्याला युरोपीय संघाच्या निधीतून अनुदान मिळते.

जंगलातल्या कुरणांचेही तेच. मात्सालूच्या दक्षिणेला, उद्यानाबाहेर, लाएलातू नावाचे विरळ झाडांचे कुरण आहे. तिथे एका चौरस मीटरमध्ये ७६ जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. एक चौरस मीटर म्हणजे किती हो? एखादे घोंगडे अंथरले की झाले. एवढी विविधता आली कुठून? दरवर्षी वेळेवर गवत कापले म्हणून. लांब दांड्याचा विळा वर्षातून एकदा फिरला की कोणतीच एक जात दांडगाई करत नाही, लहानसहान रोपट्यांनाही ऊन मिळते. कापणी थांबली की काही वर्षांत झुडपे माजतात आणि फुले जातात.

कापणी का थांबते, ते वेगळे सांगायला नको. मार्च १९४९ मध्ये या तीन देशांतून नव्वद हजारांवर माणसे सैबेरिया आणि दूरच्या भागांत नेली गेली, उरलेल्यांना सामुदायिक शेतीत घातले. बांधावरचे शेतकरी कुटुंबच मोडले. स्वातंत्र्यानंतर जमिनी परत मिळाल्या, पण तोवर पुढची पिढी शहरात गेलेली. २००४ नंतर परदेशची दारे उघडली. लाटवियाची लोकसंख्या १९८९ मध्ये साडेसव्वीस लाखांवर होती, आज ती एकोणीस लाखांच्याही खाली आहे. खेड्यांना त्याची झळ अधिक. शाळा बंद पडतात, दुकान बंद पडते, मग बस बंद होते. आपल्या कोकणातल्या वाडीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

यावर त्यांनी शोधलेला एक उपाय आपल्या ओळखीचा आहे. सगळ्यांनी मिळून एकाचे काम उरकायचे, काम झाल्यावर घरधन्याने जेवण घालायचे. एस्टोनियात त्याला ‘ताल्गुद’ म्हणतात, लाटविया-लिथुआनियात ‘ताल्का’. आपण म्हणतो इर्जिक! आज शहरातली तरुण मंडळी सुट्टी काढून येतात, तंबूत किंवा गोठ्यावरच्या माळ्यावर झोपतात, कुरणे कापतात, कुंपणे घालतात. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी पन्नास हजारांच्या आसपास लोकांनी एका दिवसात रानातला दहा हजार टन कचरा उचलला. जगभर होणाऱ्या स्वच्छता दिनाचे मूळ त्यात आहे.

लाहेमा : पहिले उद्यान

शेवटचा टप्पा टॅलिनच्या पूर्वेला, लाहेमा. ‘लाहेमा’ म्हणजे उपसागरांची भूमी. १९७१ मध्ये स्थापन झालेले हे सोव्हिएत संघातले पहिले राष्ट्रीय उद्यान. निसर्गसंरक्षक यान आयलार्त यांच्यासारख्यांनी त्यासाठी खटपट केली. त्यांनी नुसते झाड आणि पक्षी राखायचे ठरवले नाही. गावांची जुनी मांडणी, दगडी बांध, कोळ्यांच्या झोपड्या, जमीनदारांचे वाडे हेही राखण्याच्या यादीत घातले. परकी राजवट चालू असताना आपले गाव राखण्याचा तो एक मार्ग होता.

अल्त्या या कोळीगावात जाळी ठेवायच्या गवती छपरांच्या झोपड्या नव्याने उभ्या केलेल्या दिसतील. कॅस्मू हे कप्तानांचे गाव, इथे १८८४ ते १९३१ दर्यावर्दी शाळा होती. समुद्रात आणि रानात हत्तीएवढे धोंडे पडलेले आहेत, हिमयुगात बर्फाने फिनलंडकडून ओढत आणलेले. विरूच्या दलदलीत फळ्यांची वाट आणि मनोरा आहे. ओआंदू येथून निघणारी एक वाट तर ३७५ किलोमीटर चालून लाटवियाच्या सीमेवर इक्लाला पोहोचते.

इथे राहण्याचा एक दुसरा पैलूही आहे. घर वाढवायचे तर उद्यानाच्या नियमात बसवा, छप्पर कसे, जागा कुठे, सगळ्याला परवानगी. गावकरी त्यावरून कुरकुरतात. जुनी घरे शहरवाले सुट्टीसाठी विकत घेतात, हिवाळ्यात मग कितीतरी खिडक्या अंधाऱ्या राहतात. घर टिकले, पण चूल नाही, तर गाव टिकले म्हणायचे का?

हक्क आणि रीत

एस्टोनियात ‘प्रत्येकाचा हक्क’ म्हणून रीत आहे. कुंपण किंवा मनाईची पाटी नसलेल्या खासगी जमिनीतूनही सूर्योदय ते सूर्यास्त चालता येते, बेरी-अळिंबी गोळा करता येते. नदी-समुद्राच्या काठची पट्टी, मोठ्या पाण्याला दहा मीटर आणि लहानाला चार मीटर, वाटसरूंना खुली. पण रात्रीचा मुक्काम करायचा तर मालकाला विचारायचे. विस्तव नेमलेल्या चुलीतच. घराच्या अंगणाशी तंबू ठोकायचा नाही. सरकारी वनखात्याचे तळ मात्र फुकट आहेत, तिथे चूल, कोरडा संडास आणि बऱ्याच ठिकाणी सरपणही असते. कोणते तळ चालू आहेत ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. शेंजेन व्हिसा लागतो, एका व्हिसावर तिन्ही देश होतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा मावळतो आणि २३ जूनच्या रात्री गावोगाव होळ्या पेटतात. डास मात्र तेव्हाच फार. ऑगस्ट-सप्टेंबर चालायला सुखाचे. अस्वले आहेत, पण ती माणसाला टाळतात. खरी भीती गोचिडीची. तिच्या चाव्याने मेंदूज्वर होतो, त्याची लस काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने घ्यावी लागते. दुसरा लाइम नावाचा आजार, त्याला लस नाही. म्हणून पायघोळ कपडे घाला आणि रोज संध्याकाळी अंग तपासा. शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या. ओळख नसलेली अळिंबी तोंडात घालू नका.

आणि शेवटची गोष्ट. सगळी शिदोरी शहरातल्या मोठ्या दुकानातून भरून नेऊ नका. रायची काळी भाकरी, मध, चीज हे वाटेतल्या गावात घ्या. चार रात्री तंबूत काढल्या, तर पाचवी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी काढा. जमले तर एखाद्या ‘ताल्गुद’ला हात लावा, विळा कसा धरायचा ते आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागणार नाही. ज्या कुरणावर तुमचा तंबू उभा राहिला, ते कोणीतरी यंदा कापले होते. पुढच्या वर्षीही ते कापले जावे, एवढी सोय आपल्या येण्याने झाली तर ती सहल सार्थकी लागली.